शिमल्याची ती बंद खोली

भारत-पाकिस्तान संबंध बिघडले की एक सवाल हमखास फिरतो : १९७१ च्या युद्धातले ९३ हजार पाकिस्तानी युद्धकैदी हातात असताना १९७२ च्या शिमला करारात काश्मीर का नाही सोडवून घेतलं? सवालामागचा राग समजतो, पण तो अर्धवट माहितीवर उभा आहे. ढाक्याची शरणागती भारत-बांगलादेशाच्या संयुक्त कमांडपुढे झाली होती, त्यामुळे कैद्यांचा सौदा भारत एकट्यानं करूच शकत नव्हता. शिमल्यात ते सुटलेही नाहीत. त्यांच्या सुटकेचा मार्ग ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारानं मोकळा झाला. शिमल्यानं परत गेली ती पंजाब-सिंधमधली जिंकलेली जमीन.

२ जुलै १९७२ ला अधिकाऱ्यांची बोलणी फिसकटली होती, पाहुणे परतीच्या तयारीला लागले होते. निरोपाच्या भेटीत आपल्या पंतप्रधान इंदिरा गांधी आणि पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष झुल्फिकार अली भुट्टो दोघंच बोलले आणि चित्र पालटलं. सह्या झाल्या मध्यरात्र उलटून गेल्यावर. कागदावर तारीख राहिली २ जुलैचीच. ते टेबल शिमल्याच्या राजभवनात अजून जपलेलं आहे.

पंतप्रधानांच्या सल्लागारांसमोर पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेल्या व्हर्सायच्या तहाचं उदाहरण होतं. हरलेल्याला पुरतं नमवलं की तो सूड धरून बसतो, ही त्यांची भीती. मला ती आजही रास्त वाटते.

खरा गुंता एका शब्दाचा. १९४९ पासून जी ‘युद्धविराम रेषा’ होती, तिच्या जागी १७ डिसेंबर १९७१ च्या युद्धबंदीची रेषा आली आणि करारानं तिला ‘नियंत्रण रेषा’ म्हटलं. हीच हळूहळू सरहद्द करायची असं तोंडी ठरलं होतं; लेखी दिलं तर मायदेशी आपला निभाव लागणार नाही, असं राष्ट्राध्यक्ष म्हणाले, असं भारताच्या बाजूनं हजर असलेल्या एका अधिकाऱ्यानं १९९५ मध्ये लिहिलं. पाकिस्ताननं असा शब्द दिल्याचं कधीच मान्य केलं नाही. आणि कागद दोघांनाही सोयीचा : रेषेचा मान राखायचा, पण ‘दोन्ही बाजूंच्या मूळ भूमिकेला बाध न येता’. भरवसा टाकला तो एका माणसाच्या शब्दावर. १९७७ मध्ये त्याची सत्ता गेली, १९७९ मध्ये त्याला फाशी झाली. शब्द पाळायला कोण उरलं?

पुढे फेब्रुवारी १९९९ ची वाजपेयींची लाहोर बस आणि काही महिन्यांत कारगिल युद्ध. २००१ ची आग्रा शिखर बैठक निष्फळ. २०१४ मध्ये पाकिस्तानचे पंतप्रधान नवाझ शरीफ यांच्या आईसाठी शाल गेली, मोदींच्या आईसाठी साडी आली. २५ डिसेंबर २०१५ ला आपले पंतप्रधान अचानक लाहोरला उतरले. आठवडा उलटतो न उलटतो तोच पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर पाकिस्ताननं शिमल्यासह सर्व द्विपक्षीय करार स्थगित ठेवण्याचा हक्क सांगितला. जूनमध्ये तिथले एक ज्येष्ठ मंत्री म्हणाले, शिमला करार मेला, ती पुन्हा युद्धविराम रेषाच. त्यांच्याच परराष्ट्र खात्यानं मग खुलासा केला : असा कोणताही औपचारिक निर्णय झालेला नाही.