मॉर्गेज आधी दिसतं, मेकॅनिक्स लिएन मागून येऊ शकतो

कॅलिफोर्नियात घर घेताना 'लिएन' (येणं वसूल करण्यासाठी मालमत्तेवर चढवलेला बोजा) हा शब्द दोन प्रकारे कानावर पडतो. एक बँकेच्या मॉर्गेजचा, दुसरा कंत्राटदाराचा, म्हणजे मेकॅनिक्स लिएन. (गॅरेजमधल्या मेकॅनिकचा इथे काही संबंध नाही. आणि आपल्या 'लीन'मधली नम्रता तर मुळीच नाही.) दोन्ही बोजे घराला चिकटतात, मालक बदलला म्हणून सुटत नाहीत. म्हणूनच गल्लत होते.

मॉर्गेजचं प्रकरण सरळ असतं. विकणाऱ्याने स्वतः सही केलेली असते, नोंद झालेली असते. बँक बाकीचा आकडा लेखी देते, एस्क्रोवाले (व्यवहाराचे पैसे सांभाळणारे तिऱ्हाईत) विक्रीच्या पैशातून तो फेडतात, मिटलं.

मेकॅनिक्स लिएनला मालकाची सही लागतच नाही. समजा, विकण्याआधी मालकाने छत नवं घातलं आणि कंत्राटदाराला पै न पै चुकती केली. कंत्राटदाराने मात्र शिंगल्सवाल्याचे (छताची कौलं पुरवणाऱ्याचे) 7,000 डॉलर बुडवले. शिंगल्सवाल्याने काम सुरू होताना 'या कामाला माल मी देतोय' अशी प्राथमिक नोटीस वेळेत दिली असेल, तर तो थेट घरावर लिएन नोंदवू शकतो. 'मी पैसे दिलेत' हे मालकाचं म्हणणं तिथे चालत नाही. हा हक्क कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेतच आहे, 1879 पासून.

खरी मेख तारखांत आहे. काम पूर्ण झाल्याची नोटीस मालकाने नोंदवली नसेल, तर लिएन नोंदवायला काम संपल्यापासून 90 दिवस मिळतात. चाळिसाव्या दिवशी टायटल रिपोर्ट (घराच्या मालकीचा आणि बोज्यांचा अहवाल) स्वच्छ, तुम्ही किल्ली घेतली. ऐंशीव्या दिवशी लिएन हजर. तेव्हा मालक तुम्ही. कर्ज तुमचं नव्हे, पण वसुलीसाठी विक्रीला निघू शकतं ते घर तुमचं. शिवाय लिएनचा क्रम काम सुरू झालेल्या दिवसापासून धरतात, त्यामुळे तुमच्या बँकेचं नवं कर्जही त्याच्या मागे जाऊ शकतं. नोंदीनंतर 90 दिवसांत दावा लावला नाही तर लिएन बाद होतो, एवढाच दिलासा.

तेव्हा घर बघताना छत, फरशी, स्वयंपाकघर नवंकोरं दिसलं की कौतुकाआधी काम कधी संपलं ते विचारा. टायटल विम्यात (मालकीतल्या दोषांपासून वाचवणाऱ्या विम्यात) नोंद न झालेले लिएन धरलेत का, तेही विचारा. साध्या पॉलिसीत बहुधा नसतात. कंत्राटदाराबरोबर पुरवठादाराचंही सोडपत्र (लिएनचा हक्क सोडल्याचा कागद) मागा, आणि ते 'अनकंडिशनल' हवं. 'कंडिशनल' सोडपत्र पैसे खरोखर हातात पडेपर्यंत लागूच होत नाही.