१५ फुटी की १८ फुटी? बोट घेण्याआधी तुमचं पाणी सांगा

मालवण, तारकर्ली, देवबागहून आमच्या शेडवर येणारे बहुतेक जण आधी किंमत विचारतात. आम्ही उलट विचारतो: बोट कुठे नांगरणार, आणि तिथून कुठे जाणार? याचं उत्तर मिळालं की निम्मी निवड झालीच.

घरच्यांना फिरायला म्हणून आम्ही दोनच फायबर बोटी बांधतो. एक १५ फुटी, सपाट बुडाची, १५ हॉर्सपॉवरची. दुसरी १८ फुटी, व्ही बुडाची, ५० हॉर्सपॉवरची.

कर्लीच्या खाडीतच फिरायचं असेल तर १५ फुटीच घ्या, जास्त पैसे घालू नका. सपाट बूड पाण्यावर पाटासारखं बसतं. आजीने काठावर पाय ठेवला तरी फारसं कलत नाही. हातभर पाण्यातून जाते, पावसाळ्याआधी चौघं मिळून ओंडक्यांवरून वर ओढू शकतात. पूर्ण वेगात तासाला साधारण ६ लिटर पेट्रोल लागतं. १८ फुटीला त्याच्या तिप्पट धरा, शिवाय वर काढायला ट्रॉली लागते.

पण खाडीचं मुख ही वेगळी गोष्ट आहे. देवबागच्या संगमावर सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं, पाणी जोरात बाहेर धावतं आणि समोरून समुद्राची लाट येते. दोघांची गाठ पडली की लाटा आखूड आणि उभ्या होतात. सपाट बूड तिथे धोपटणं मारल्यासारखं आपटतं, हिसका थेट मणक्यात बसतो. आम्ही स्वतः एकदा १५ फुटी घेऊन तिथे गेलो होतो. तिसऱ्या लाटेला नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, पाणी आत आलं, पेट्रोलची टाकी जागची सरकली. दोन लाटांमधली सवड बघून कसंबसं वळलो. तेव्हापासून आम्ही स्पष्ट सांगतो: महिन्यातून एकदा जरी मुखाबाहेर जायचं असेल, तर १५ फुटी आमच्याकडून मागू नका.

व्ही बूड लाट चिरत जातं. उभी असताना मात्र ही बोट एका अंगाला कलते, म्हणून माणसं दोन्ही बाजूंना सारखी बसवा. आणि बोट मोठी म्हणून उधाणाच्या सुकतीला मुख ओलांडायचं धाडस नको. दुपारनंतर वारा उठतो, तेव्हा सकाळी जाऊन जेवणाच्या वेळेआधी परत या. एक तृतीयांश पेट्रोल जायला, एक तृतीयांश यायला, उरलेलं राखीव.

कोणतीही घ्या, दोन सवयी लावून घ्या. इंजिनाची लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला हवीच. तो पाण्यात पडला तर इंजिन तिथल्या तिथे बंद होतं. आणि इंजिनामागून पडणारी पाण्याची बारीक धार बघत राहा. उथळ पाण्यात वाळू आत ओढली गेली की पंपाचं रबरी चक्र झिजतं, धार बारीक होते आणि इंजिन तापतं. धार दिसेनाशी झाली तर लगेच बंद करा. घरी आल्यावर १० मिनिटं गोड्या पाण्यावर चालवा.

लाइफ जॅकेट माणशी एक, मुलांना त्यांच्या मापाचं. नोंदणीचे कागद आम्ही तयार करून देतो; पैसे घेऊन पर्यटक नेणार असाल तर परवाना वेगळा लागतो, ते आधी सांगा.

ट्रायलला भरतीच्या शांत पाण्यावर येऊ नका, तेव्हा दोन्ही बोटी छानच वाटतात. सुकतीला या, आणि बोटीत रोज जी माणसं बसणार आहेत त्यांना घेऊन या.