पार्कचं हॉटेल आणि पार्कजवळचं हॉटेल

मुलांना घेऊन पहिल्यांदाच थीम पार्कला निघालेले आईबाबा हॉटेल शोधायला बसले की पहिला प्रश्न ठरलेला: 'पार्कपासून किती लांब आहे?' सांगणाराही लगेच सांगून मोकळा होतो, 'अगदी जवळ, दीड किलोमीटर.' झालं, बुकिंग होतं. मग पहिल्या सकाळी पार्कच्या दाराशी उभं राहिल्यावर दिसतं, की काही कुटुंबं बाजूच्या रांगेतून आधीच आत चालली आहेत आणि आपल्याला थांबवलं आहे. 'आमचं हॉटेलपण पार्कचंच आहे हो!' नाही, ते पार्कजवळचं आहे. आणि हा घोळ दर सुट्टीत नव्याने होतो.

पार्कजवळचं हॉटेल कसं असतं, हे वेगळं सांगायला नको. चार ठिकाणी राहिलेल्या माणसाला ते ठाऊक असतं: खोली, नाश्ता, पोहण्याचा तलाव आणि फार तर सकाळी पार्ककडे सुटणारी बस. तिथे तुमचा व्यवहार हॉटेलशी असतो, पार्कशी नाही.

पार्कच्या हॉटेलात खोलीबरोबर पार्कमधले काही हक्क पदरात पडतात. कोणाला इतरांआधी आत सोडतात, कोणाला रांग टाळायची सोय मिळते, तर कोणाला रात्री उशिरापर्यंत थांबता येतं. आता खरी गोम अशी, की हे हक्क कोणत्या हॉटेलला आहेत हे अंतरावर ठरत नाही, भाड्यावरून कळत नाही, आणि दारावरच्या पाटीवर तर मुळीच विसंबू नये. पार्कने एक यादी केलेली असते. त्या यादीत नाव असेल तर हक्क, नसेल तर नाही.

टोकियो डिस्नेचं उदाहरण घ्या. तिथे हॉटेलांच्या उघड उघड पायऱ्या आहेत: डिस्ने हॉटेल, ऑफिशियल हॉटेल, पार्टनर हॉटेल आणि गुड नेबर हॉटेल. 'ऑफिशियल' वाचलं की आपल्याला वाटतं, याच्या वर काय असणार? पण ती दुसरी पायरी आहे. हिल्टन टोकियो बे, शेरेटन ग्रँड ही ऑफिशियल हॉटेलं रिसॉर्टच्या आवारातच आहेत आणि रिसॉर्टच्या मोनोरेलचं बेसाइड स्टेशन त्यांच्यासाठीच आहे. त्याच स्टेशनासमोर २०२२ साली टॉय स्टोरी हॉटेल सुरू झालं, ते डिस्नेचं स्वतःचं. दोन्हीकडचे पाहुणे एकाच मोनोरेलने, सारखंच तिकीट काढून जातात. दाराशी मात्र टॉय स्टोरीवाल्याला १५ मिनिटं आधी आत जाता येतं आणि शेरेटनवाला बाहेर थांबतो. नकाशावर पाहाल तर दोन्ही हॉटेलं एकाच स्टेशनाजवळ.

अमेरिकेतल्या ऑर्लँडोच्या युनिव्हर्सल थीम पार्कमध्ये तर पार्कच्याच दोन शेजारी हॉटेलांत फरक आहे. रॉयल पॅसिफिक आणि सफायर फॉल्स एकमेकांना लागून आहेत. दोघांच्या पाहुण्यांना सकाळी लवकर प्रवेश मिळतो. पण रांग टाळण्याचा अमर्याद एक्सप्रेस पास खोलीबरोबर मिळतो तो फक्त पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत. सफायर फॉल्समध्ये तो नाही. वरवर पाहणारा म्हणतो, 'दोन्ही युनिव्हर्सलचीच, मग स्वस्त असेल ते घेऊ.' चारजणांच्या कुटुंबाला तो पास वेगळा विकत घ्यायला लागला, तर वाचवलेलं भाडं कुठल्या कुठे जातं. त्यातही एक मेख आहे: हा पास जुन्या दोन पार्कांत चालतो. २०२५ च्या मे महिन्यात उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या त्यांच्या नव्या पार्कमध्ये खोलीबरोबरचा पास चालत नाही.

फ्लोरिडाचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ पासून चालू आहे आणि त्याचा पसारा सुमारे १०० चौरस किलोमीटरचा आहे. एवढ्या जागेत 'आत' आणि 'जवळ' या शब्दांना काही अर्थच उरत नाही. स्वान आणि डॉल्फिन ही हॉटेलं डिस्ने चालवत नाही, पण त्यांच्या पाहुण्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात. म्हणजे मालकी पाहूनही भागत नाही. ॲनिमल किंग्डम लॉज हे नाव ऐकून वाटतं, गॅलरीतून उतरलं की पार्क. प्रत्यक्षात तिथून ॲनिमल किंग्डम पार्कला पायी जायला रस्ताच नाही, बस धरावी लागते. भाडं मात्र भारीपैकी. उलट पॉप सेंच्युरी हे तिथलं स्वस्तातलं हॉटेल, पण २०१९ पासून स्कायलायनर या रोपवेच्या पाळण्यात बसून तिथून एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या पार्कांना जाता येतं. सकाळच्या अर्ध्या तासाचा हक्क दोघांनाही सारखाच. रात्री उशिरापर्यंतची सवलत, तीही ठरावीक दिवशी, महागड्या डीलक्स गटालाच.

पॅरिसजवळच्या डिस्नेलँडने तर कमालच केली आहे. डेव्ही क्रॉकेट रँच ही लाकडी बंगल्यांची वस्ती डिस्नेचीच, त्यामुळे सकाळचा लवकर प्रवेश आहे. पण तिथून पार्ककडे बस नाही. स्वतःची गाडी हवी. पार्टनर म्हणवणाऱ्या बाहेरच्या हॉटेलांना पार्ककडे जाणारी बस आहे, पण लवकर प्रवेश नाही. आता सांगा, किलोमीटर विचारून काय हाती लागणार?

यावर एक उत्तर हमखास येतं: 'अर्ध्या तासाने काय फरक पडतो? आम्हाला काय, झोपायला खोली हवी.' मला याचा राग येतो, कारण बोलणाऱ्याने रांगेचा हिशोब कधी केलेलाच नसतो. समजा एका राइडवर तासाला हजार माणसं बसतात. तुमच्यापुढे पाचशे माणसं असली तर अर्धा तास उभं राहणं आलं, पंधराशे असली तर दीड तास. दार उघडल्यावर लोंढा सगळ्यात आधी चार-दोन नावाजलेल्या राइडकडेच धावतो, म्हणून ती पंधराशे माणसं जमायला वेळ लागत नाही. लवकर आत गेलेलं कुटुंब तोवर एक मोठी राइड करून दुसरीच्या रांगेत लागलेलं असतं. म्हणजे अर्धा तास आधी आत गेलात तर वाचतो तो अर्धाच तास नव्हे. दिवसाच्या सगळ्यात महागड्या दोन रांगा वाचतात.

त्या वेळात सगळं पार्क उघडं नसतं, हेही लक्षात घ्या. काही भाग, काही राइडच चालू असतात. मुलांच्या उंचीचा विचारही आधी करायचा. डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंग्डम पार्कमध्ये स्पेस माउंटन या राइडला ११२ सेंटिमीटर उंची लागते, ट्रॉनला १२२. पाच वर्षांचं पोर बहुधा त्यात बसत नाही. पण तिथल्या पीटर पॅनच्या राइडला उंचीची अट नाही, ती सकाळच्या त्या वेळेत चालू असते आणि दिवसभर तिची रांग काही ओसरत नाही. तेव्हा 'मुलं लहान आहेत, लवकर जाऊन काय करणार' हे म्हणणंही खोटं. आणि हक्क असून साडेनवाला डोळे चोळत बसमध्ये चढणार असाल, तर त्याचे पैसे मोजू नका. सकाळी न उठणाऱ्या घरासाठी हा हक्क शून्य किमतीचा आहे, आणि तशी घरं पुष्कळ असतात.

मुलं सहा-सात वर्षांच्या आतली असतील तर दुसरा प्रश्न दुपारचा. दीड वाजता चार वर्षांच्या मुलाचा पार चोथा झालेला असतो. त्याला खोलीवर नेऊन दोन तास झोपवून संध्याकाळी परत आणता आलं तर दिवस वाचतो, नाहीतर रात्रीची आतषबाजी रडारडीतच. मॅजिक किंग्डमहून डिस्नेच्या कंटेम्पररी हॉटेलात मुलाला झोपलेल्या अवस्थेत बाबागाडीतून ढकलत चालत नेता येतं. बाहेरच्या हॉटेलवाल्यांचं काय होतं पाहा. मॅजिक किंग्डमचा वाहनतळ पार्कच्या दाराशी नाहीच, तो तळ्याच्या पलीकडे आहे. म्हणजे आधी मोनोरेल किंवा फेरीबोट, मग वाहनतळ, तिथून गाडी, आणि हे सगळं संध्याकाळी उलट्या क्रमाने. हॉटेलची बस असेल तर ती दुपारी केव्हा आहे हे तिचं वेळापत्रक ठरवणार, पोराची झोप नाही. पार्कच्या हॉटेलची बस थेट दाराशी येते खरी, पण डिस्नेच्या बसमध्ये बाबागाडी घडी करून घ्यावी लागते. एका हातात झोपलेलं मूल, दुसऱ्या हाताने गाडीची घडी, खांद्यावर पिशवी, आणि मागे रांग. मोनोरेल आणि फेरीत गाडी तशीच ढकलत नेता येते. म्हणून लहान मूल असेल तर मी आधी हे विचारते: दुपारी झोपलेलं मूल न उठवता खोलीपर्यंत पोचतं का? पोचत असेल तर ते हॉटेल, बाकी गुण नंतर.

उरलेले फरक किरकोळ. पार्कच्या हॉटेलात भिंतीवर कार्टून असतात. मुलांना पहिल्या संध्याकाळी अप्रूप, नंतर ती तिकडे बघतही नाहीत. नाश्ता दोन्हीकडे सारखाच कंटाळवाणा. खोलीत किती माणसं चालतात ते मात्र वाचा: डिस्ने वर्ल्डच्या साध्या खोलीत चार, आजीआजोबा बरोबर असतील तर सहाजणांचा फॅमिली सूट किंवा दोन खोल्या. बाहेरचं भाडं कमी दिसतं त्यात पार्कमधलं पार्किंग धरलेलं नसतं. डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलात राहणाऱ्याला पार्कचं पार्किंग फुकट. आणि खोली म्हणजे तिकीट नव्हे. डिस्ने वर्ल्डमध्ये नुसती खोली घेतली तर तिकीट वेगळंच काढावं लागतं, हे दारात कळणारी माणसं अजून भेटतात.

माझं मत विचाराल तर, मुलं मोठी, पालक सोशिक आणि गाडी हाताशी असेल तर बाहेरचं हॉटेल बिनधास्त घ्या. एकच अट: ते बाहेरचं आहे हे माहीत असू द्या आणि दार उघडायच्या आधी पाऊण तास तिथे पोचा. पण पहिलीच सहल असेल आणि बरोबर लहान मूल असेल, तर बाहेरच्या पाच रात्रींपेक्षा पार्कच्या हॉटेलातल्या तीन रात्री मी घेईन. आठवडाभर रोज बसची वाट पाहण्याची हौस मला नाही.

पैसे आखडते असतील तर दोन्हींची सांगड घालता येते, पण हक्क कोणत्या दिवशी सुरू होतो ते आधी बघावं लागतं. युनिव्हर्सलच्या त्या तीन हॉटेलांत एक्सप्रेस पास आल्या दिवशीही चालतो आणि निघायच्या दिवशीही, त्यामुळे एका रात्रीच्या भाड्यात पार्कचे दोन दिवस निघतात. बाकीच्या रात्री कुठेही काढा. पहिल्या दिवशी सकाळीच हॉटेलात जायचं, सामान ठेवायचं, पास घ्यायचा आणि खोली तयार व्हायची वाट न बघता पार्कमध्ये शिरायचं. टोकियोत हे जमत नाही. तिथे आल्या दिवशी लवकर प्रवेश नसतो, तो दुसऱ्या सकाळपासून. तेव्हा एकच रात्र घेणार असाल तर पार्कचा मोठा दिवस निघायच्या दिवशी ठेवा, आणि सामान सकाळी रिसेप्शनवर सोपवून जा.