वाइस, आर्पाद

वाइस, आर्पाद : (१६ एप्रिल १८९६ – ३१ जानेवारी १९४४). हंगेरियन फुटबॉलपटू आणि इटलीत तीन वेळा लीग विजेतेपद मिळवणारा प्रशिक्षक. हंगेरीत आडनाव आधी लिहितात, त्यामुळे तिकडच्या नोंदींत तो ‘वाइस आर्पाद’ असा सापडतो. जन्म शोल्त या गावी, ज्यू कुटुंबात. पहिल्या महायुद्धात तो इटलीच्या सैन्याच्या हाती सापडून युद्धकैदी झाला. ज्या देशात कैदी म्हणून राहिला, तिथेच पुढे त्याचे नाव झाले.

खेळाडू म्हणून तो डाव्या बगलेवरचा आघाडीपटू होता. बुडापेस्टचा तोरेकवेश, ब्रनोचा मकाबी, मग इटलीतील अलेस्सांद्रिया आणि मिलानचा इंटर अशी त्याची वाटचाल झाली. हंगेरीच्या राष्ट्रीय संघातूनही तो खेळला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी संघात निवड झाली, पण मैदानात उतरायला मिळाले नाही. हंगेरी तिथे इजिप्तकडून ०–३ अशी हरली. दुखापतीने त्याचा खेळ लवकरच थांबला. खेळाडू म्हणून वाइस चांगला होता, थोर नव्हे. त्याचे खरे काम मैदानाच्या कडेला उभे राहून झाले.

१९२६ मध्ये इंटरची सूत्रे त्याच्याकडे आली. त्या काळी बहुतेक प्रशिक्षक कोट-टाय घालून सराव पाहत. वाइस अर्धी चड्डी घालून खेळाडूंबरोबर धावत असे. आहार आणि व्यायाम यांकडे त्याचे बारीक लक्ष असे. इंटरच्या तरुण खेळाडूंमधून त्याने जुझेप्पे मेआत्सा या मुलाला १९२७ मध्ये, अवघ्या सतराव्या वर्षी, मुख्य संघात उतरवले. संघातील जुन्या खेळाडूने ‘आता बालिल्लाही घ्यायला लागलात!’ अशा अर्थाचा टोमणा मारला. बालिल्ला ही फॅसिस्टांची लहान मुलांची संघटना. हेच टोपणनाव मेआत्साला कायमचे चिकटले.

दरम्यान फॅसिस्ट राजवटीत इंटरचे ‘इंटरनात्सिओनाले’ (आंतरराष्ट्रीय) हे पूर्ण नाव खटकले आणि क्लबचे ‘आंब्रोझियाना’ झाले. १९२९–३० च्या हंगामात इटलीची लीग प्रथमच एकाच गटात, १८ संघांमध्ये खेळवली गेली. ती आंब्रोझियानाने जिंकली. मेआत्साने ३१ गोल केले. चौतिसाव्या वर्षी ही स्पर्धा जिंकणारा वाइस तिचा सर्वांत तरुण विजेता प्रशिक्षक ठरला. त्याच वर्षी आल्दो मोलिनारीसोबत लिहिलेले त्याचे फुटबॉलवरील पुस्तक आले. प्रस्तावना इटलीच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक वित्तोरिओ पोत्सो याची होती.

पुढे बारी, पुन्हा मिलान आणि नोव्हारा असा फेरा करून १९३५ च्या सुरुवातीला तो बोलोन्याला आला. तेव्हा युव्हेंट्स सलग पाचव्या विजेतेपदाच्या वाटेवर होता. ती मालिका वाइसच्या बोलोन्याने तोडली: १९३५–३६ ची लीग मोजक्या १४ खेळाडूंच्या बळावर जिंकली, पुढच्या वर्षीही जिंकली. १९३७ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त झालेल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बोलोन्याने इंग्लंडच्या चेल्सीला ४–१ ने हरवले. फुटबॉल शिकवणाऱ्या इंग्रजांना त्यांच्याच खेळात असे हरवणे ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती.

सप्टेंबर १९३८ मध्ये वंशभेदी कायदे आले. १९१९ नंतर इटलीत आलेल्या परदेशी ज्यूंना सहा महिन्यांत देश सोडण्याचा हुकूम होता. ऑक्टोबरमध्ये वाइसने पद सोडले. त्या हंगामाची लीगही बोलोन्यानेच जिंकली, पण प्रशिक्षक दुसरा होता. पत्नी, मुलगा रोबेर्तो आणि मुलगी क्लारा यांना घेऊन तो पॅरिसला आणि तिथून नेदरलँड्समधील दोर्द्रेख्त शहरी गेला. तिथल्या डीएफसी या छोट्या क्लबला त्याने खालच्या श्रेणीत घसरू दिले नाही. १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या आणि पुढच्या वर्षी ज्यूंवरील बंदीमुळे हेही काम गेले.

ऑगस्ट १९४२ मध्ये कुटुंबाला अटक झाली आणि वेस्टरबोर्कच्या छावणीत ठेवण्यात आले. ऑक्टोबरमध्ये पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीतून वाइसला वाटेत वेठबिगारीसाठी उतरवून घेतले. पत्नी आणि दोन्ही मुले ५ ऑक्टोबरला आउशवित्झमध्ये मारली गेली. वाइस त्यानंतर सुमारे सोळा महिने जगला आणि आउशवित्झमध्येच मरण पावला.

युद्धानंतर ज्या क्लबांना त्याने विजेतेपदे मिळवून दिली, त्यांनाही त्याचा विसर पडला. २००७ मध्ये पत्रकार मात्तेओ मारानी यांनी त्याचे चरित्र लिहिले, तेव्हा कुठे फलक लागू लागले: २००९ मध्ये बोलोन्याच्या मैदानावर आणि २०१२ मध्ये मिलानच्या सान सिरोवर. सान सिरोला १९८० पासून जुझेप्पे मेआत्साचे नाव आहे.