लहान तोंडी मोठा घास

२६ डिसेंबर १९०८. सिडनीच्या रशकटर्स बे भागातल्या उघड्या मैदानात वीसेक हजार लोक जमले होते. रिंगणात मुष्टियुद्धातला हेवीवेटचा जगज्जेता, कॅनडाचा टॉमी बर्न्स, आणि त्याच्यासमोर टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनचा जॅक जॉन्सन. गुलामीत जन्मलेल्या आईबापांचा हा मुलगा बर्न्सच्या मागे लागून पार ऑस्ट्रेलियापर्यंत आला होता. कृष्णवर्णीयाला हेवीवेटच्या किताबासाठी लढूच द्यायचं नाही, असा तेव्हाचा अलिखित दंडक होता. बर्न्सने ३० हजार डॉलर पदरात पाडून घेतले, तेव्हा कुठे तो तयार झाला. जॉन्सनच्या वाट्याला ५ हजार.

जॉन्सन लढता लढता बोलत होता. बर्न्सची कीव करत होता, आणखी जोरात मार म्हणून त्याला चिथावत होता, मधेच दोरांपलीकडे बसलेल्यांशी गप्पा मारत होता. हसला की सोन्याचे दात चमकायचे. चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली आणि चित्रीकरणही बंद पाडलं, त्यामुळे गोऱ्या जगज्जेत्याचा शेवट पडद्यावर आलाच नाही. वार्ताहर म्हणून जॅक लंडन हजर होता. त्याच्या वृत्तांतात ठोशांइतकीच जागा त्या सोनेरी हसण्याला मिळाली, आणि शेवटी त्याने निवृत्त झालेल्या गोऱ्या माजी जगज्जेत्याला, जिम जेफ्रीजला, साद घातली: शेत सोडून परत ये आणि जॉन्सनच्या तोंडावरचं ते हसू पुसून टाक.

खेळाडूंची बढाई, त्यांचं डिवचणं आणि वर्तमानपत्रांनी त्यावर पेटवलेलं रान, या सगळ्याची सुरुवात मला या वृत्तांतात दिसते. ‘लहान तोंडी मोठा घास’ असं आपण म्हणतो तेव्हा तक्रार घासाच्या आकाराची वाटते, पण बहुतेक वेळा ती तोंड कुणाचं आहे याची असते. जॉन्सनच्या आधीही मुष्टियोद्धे फुशारक्या मारत. जॉन एल. सलिव्हन नावाचा गोरा जगज्जेता दारूच्या गुत्त्यात शिरून आपण कुणालाही लोळवू शकतो अशी गर्जना करायचा आणि लोक त्याच्यावर जीव टाकायचे.

जेफ्रीज आला. ४ जुलै १९१०, रेनो, नेवाडा. त्याच्या कोपऱ्यातून माजी जगज्जेता जिम कॉर्बेट जॉन्सनला वर्णावरून शिव्या घालत होता. जॉन्सन त्यालाही उत्तरं देत होता आणि जेफ्रीजलाही ठोकत होता. पंधराव्या फेरीत खेळ आटोपला. त्या रात्री अमेरिकेतल्या अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर जमाव तुटून पडले, माणसं मेली. पुढे १९१२ मध्ये लढतींच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर बंदी घालणारा कायदा आला. १९१३ मध्ये एका गोऱ्या स्त्रीबरोबरच्या संबंधावरून जॉन्सनला शिक्षा झाली. तो देश सोडून गेला, १९२० मध्ये परतला आणि तुरुंगात गेला. मरणोत्तर माफी मिळायला २०१८ साल उजाडलं.

या सगळ्याचा धसका किती खोलवर बसला होता, ते जो लुई या कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याच्या उदाहरणावरून कळतं. १९३७ मध्ये तो जगज्जेता झाला, पण त्याआधीच त्याच्या कारभाऱ्यांनी त्याला नियम घालून दिले होते. पडलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर आनंद दाखवायचा नाही. गोऱ्या बाईबरोबर फोटो काढायचा नाही. लुईने हे नियम पाळले, आणि गोऱ्या पत्रकारांनी त्याचं कौतुक केलं ते बऱ्याच अंशी या गप्प बसण्याचं.

१९६१ च्या जूनमध्ये लास वेगासच्या एका रेडिओ केंद्रावर १९ वर्षांचा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा कॅशियस क्ले मुलाखतीला गेला. ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकून जेमतेम वर्ष झालेलं, बोलणं तसं बेताचंच. तिथे त्याला ‘गॉर्जियस’ जॉर्ज भेटला. हा टीव्हीवरच्या कुस्तीतला तारा होता: सोनेरी कुरळे केस, झगमगीत झगा, आणि तो रिंगणात येण्याआधी सेवक अत्तर फवारून जागा ‘शुद्ध’ करायचा. आपण हरलो तर काय काय करू, हे जॉर्ज रेडिओवर ओरडून सांगत होता. मग क्ले त्याची कुस्ती बघायला गेला, तर प्रेक्षागृह खचाखच. जो तो जॉर्जची हुर्यो उडवायला पैसे मोजून आलेला. जॉर्जने त्याला सांगितलं ते असं की, तुझं तोंड बंद झालेलं बघायला लोक पैसे देतील, तेव्हा बोलत राहा.

आपल्याकडे खासबागेत पैलवान शड्डू ठोकतो आणि आव्हान पोचतं. बोलायचं काम निवेदकाचं आणि वातावरण तापवायचं काम हलगीचं. क्लेने पैलवान, निवेदक आणि हलगी ही तिन्ही कामं एकट्याने अंगावर घेतली. प्रतिस्पर्धी कितव्या फेरीत पडणार हे तो आधीच जाहीर करायचा, तेही यमकात. ‘मूर’ला ‘फोर’ जुळलं, आणि १९६२ मध्ये आर्ची मूर खरोखरच चौथ्या फेरीत पडला. १९६३ मध्ये लंडनला हेन्री कूपरसाठी पाचवी फेरी सांगितली होती. चौथीत क्ले स्वतःच आडवा झाला, तरी पाचवीत जिंकला. ‘गर्जेल तो पडेल काय’ ही म्हण या पोराला लागू पडत नव्हती.

२५ फेब्रुवारी १९६४ ची सकाळ मात्र जवळून बघण्यासारखी आहे. मायामी बीचला जगज्जेत्या सोनी लिस्टनविरुद्धच्या लढतीआधीचं वजन चाललं होतं. क्ले किंचाळत होता, लिस्टनच्या अंगावर धावून जात होता, त्याचे लोक त्याला आवरत होते. डॉक्टरांनी नाडी पाहिली तर १२०. एरवी ती ५४ असायची. पोरगं घाबरलंय, असा निष्कर्ष निघाला. मुष्टियुद्ध आयोगाने २,५०० डॉलरचा दंड ठोकला. थोड्या वेळाने घरी पुन्हा तपासलं, तर नाडी पूर्ववत. सट्ट्याचा भावही लिस्टनच्याच बाजूने होता, सातास एक. ४६ पैकी ४३ क्रीडापत्रकारांनी लिस्टन जिंकणार असं लिहिलं होतं. सातव्या फेरीला लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही. तेव्हा क्ले दोरांवर चढला आणि लिस्टनकडे पाठ करून पत्रकारांच्या रांगेकडे बोट दाखवत ओरडला: खा आता तुमचे शब्द!

दुसऱ्या दिवशी त्याने ‘नेशन ऑफ इस्लाम’ या कृष्णवर्णीय मुस्लिमांच्या संघटनेत असल्याचं सांगितलं, आणि ६ मार्चला त्याचं नाव मुहम्मद अली झालं. ज्या वर्तमानपत्रांनी त्याचे कवितेचे तुकडे आनंदाने छापले होते, त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे कित्येक वर्षं हे नाव छापलं नाही. क्लेच लिहीत राहिले. १९६७ मध्ये प्रतिस्पर्धी एर्नी टेरेलनेही तेच केलं. अलीने त्याला पंधरा फेऱ्या झोडपलं आणि प्रत्येक ठोशासरशी विचारत राहिला, माझं नाव काय? त्याच वर्षी एप्रिलमध्ये, व्हिएतनाम युद्ध चालू असताना, त्याने सैन्यभरतीला नकार दिला. किताब गेला, परवाना गेला, पाच वर्षांची शिक्षा आणि १० हजार डॉलरचा दंड झाला. उमेदीची साडेतीन वर्षं वाया गेली. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. विनोदी बढाई सगळ्यांना हवी होती. युद्धाबद्दलचं मत सांगताच तेच तोंड मोठं ठरलं.

अलीवर माझं प्रेम आहे, म्हणूनच त्याचा प्रतिस्पर्धी जो फ्रेझर याच्याबद्दल लिहिताना हात जड होतो. फ्रेझर साउथ कॅरोलायनाच्या गरीब शेतकरी कुटुंबातला. फिलाडेल्फियाच्या कत्तलखान्यात काम करून वर आलेला. अलीवर बंदी होती तेव्हा त्याने पैशांची मदत केली आणि परवान्यासाठी शब्दही टाकला. त्या माणसाला अलीने गोऱ्यांचा हुजऱ्या म्हटलं. १९७५ मध्ये मनिलाच्या लढतीआधी, यमक जुळतं म्हणून, गोरिला म्हटलं. पत्रकार परिषदेत खिशातून रबराचा छोटा गोरिला काढून तो त्याला ठोसे मारत होता, आणि पत्रकार हसत होते. फ्रेझरच्या मुलांना शाळेत त्याच शब्दावरून चिडवलं गेलं. जॉन्सनला गोऱ्यांनी जे म्हटलं होतं, तेच आता एका कृष्णवर्णीयाने दुसऱ्याला म्हटलं, आणि ते जगभर विकलं गेलं. चौदाव्या फेरीनंतर दोन्ही डोळे सुजून बंद होत आलेल्या फ्रेझरला त्याचा गुरू एडी फच याने पुढे जाऊ दिलं नाही.

फ्रेझरच्या मनातली अढी कितीतरी वर्षं गेली नाही. १९९६ मध्ये थरथरत्या हातांनी अलीने अटलांटा ऑलिंपिकची ज्योत पेटवली तेव्हा सगळं जग गहिवरलं होतं. फ्रेझर म्हणाला, मी असतो तर त्याला आगीत ढकललं असतं. २००१ मध्ये अलीने माफी मागितली, तीही आधी वर्तमानपत्रातून. २०११ मध्ये फ्रेझरच्या अंत्यविधीला आजारी अली आला, आणि फ्रेझरसाठी टाळ्या वाजवायची वेळ आली तेव्हा उठून उभा राहिला.

क्रिकेटमध्ये हे सगळं उशिरा आलं, कारण तिथे बोलणं खेळपट्टीजवळच राहायचं. कॅमेऱ्यासमोर बोललेला आणि महागात पडलेला शब्द म्हटला की टोनी ग्रेग आठवतो. जून १९७६, वेस्ट इंडिजविरुद्धची मालिका सुरू होण्याच्या तोंडावर बीबीसीवर इंग्लंडचा हा कर्णधार म्हणाला की, ब्रायन क्लोज आणि आणखी काही जणांच्या मदतीने आम्ही त्यांना नाक घासायला लावू. त्याने वापरलेल्या इंग्रजी शब्दात मालकाच्या पायाशी सरपटण्याचा अर्थ आहे. बोलणारा दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला गोरा, आणि ऐकणारे गुलामांचे वंशज. त्याच महिन्यात दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोत कृष्णवर्णीय शाळकरी मुलांवर गोळीबार झाला. ग्रेगच्या मनात वर्णद्वेष नव्हता, हे त्याला ओळखणारे सांगत आले आहेत, आणि मला ते पटतं. मुंबईत १९७३ च्या कसोटीत विश्वनाथचं शतक झालं तेव्हा प्रतिस्पर्धी असूनही त्याला लहान मुलासारखं उचलून घेणारा हाच ग्रेग. पण शब्दाचा इतिहास बोलणाऱ्याच्या मनाला विचारून चालत नाही.

४५ वर्षांच्या क्लोजने मँचेस्टरला छातीवर चेंडू झेलले. वेस्ट इंडिजच्या रिचर्ड्सने त्या मालिकेत ८२९ धावा काढल्या, त्यातल्या २९१ ओव्हलच्या एका डावात. त्या उन्हाळ्यात दुष्काळ होता, ओव्हलचं गवत वाळून पिवळं पडलं होतं आणि खेळपट्टीत गोलंदाजांसाठी काही नव्हतं. मायकेल होल्डिंगने तिथे १४९ धावांत १४ बळी घेतले. ग्रेगचा त्रिफळा त्याने दोन्ही डावांत उडवला. मालिका ३-० ने गेली. शेवटी ग्रेग वेस्ट इंडियन प्रेक्षकांच्या गॅलरीसमोर गेला, गुडघ्यांवर आणि हातांवर आला आणि काही पावलं खरोखर रांगला. लोक हसले. चूक अशी देहाने कबूल करणारा दुसरा कर्णधार मला माहीत नाही.

ऑस्ट्रेलियनांनी मग या बोलण्याचं तंत्र बसवलं. स्टीव्ह वॉ प्रतिस्पर्ध्याला मनाने खिळखिळं करण्याची भाषा उघड करायचा. मॅकग्रा मालिकेआधी आपलं सावज जाहीर करायचा आणि ५-० चं भाकीत ठोकायचा. २००५ च्या ॲशेसमध्ये ते तोंडावर आपटलं, २००६-०७ मध्ये खरं झालं. याला ‘माइंड गेम’ म्हटलं गेलं, हुशारी मानली गेली. २०१७ मध्ये गोरा आयरिश लढवय्या कॉनर मॅकग्रेगर आणि कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा फ्लॉइड मेवेदर आपल्या लढतीआधी चार शहरांत फिरून एकमेकांना शिव्या घालत होते. मॅकग्रेगरची भाषा गुलामगिरीच्या काळाची आठवण देणारी होती, आणि अमेरिकेत त्या लढतीची पैसे मोजून झालेली विक्री ४३ लाखांवर गेली. त्याआधी जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या कृष्णवर्णीय रिचर्ड शर्मनने जिंकल्या जिंकल्या कॅमेऱ्यात बघून, मीच सर्वोत्तम आहे असं ओरडून सांगितलं. शिवी एकही दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी अमेरिकी टीव्हीवर ‘ठग’ हा शब्द ६२५ वेळा उच्चारला गेला. शब्द आपलाच, तिकडे जाऊन कृष्णवर्णीयाला हिणवायला वापरलेला. स्टॅनफर्डमधून शिकलेल्या शर्मनने तेव्हा नेमकं हेच बोलून दाखवलं.

आणि आता पुन्हा सिडनी. जानेवारी २००८. पहाटे पाचला उठून भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी सामना बघणाऱ्यांपैकी मी एक होतो, आणि पंचांच्या चुकांनी माझंही डोकं फिरलं होतं. हरभजनने ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला माकड म्हटलं, असा आरोप झाला. हरभजनने तो नाकारला. तीन कसोटींची बंदी आली, दौरा सोडून परत या असा आपल्याकडे गदारोळ झाला. कुंबळे पत्रकार परिषदेत म्हणाला की, दोनपैकी एकच संघ खेळाच्या वृत्तीने खेळत होता. १९३३ मध्ये ॲडलेडला ऑस्ट्रेलियाचा कर्णधार वुडफुल इंग्लंडच्या व्यवस्थापकांना जवळपास हेच म्हणाला होता. तेंडुलकरने साक्ष दिली. न्यूझीलंडचे न्यायमूर्ती हॅन्सन यांनी अपिलात वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध होत नसल्याचं ठरवलं, शिवीगाळीबद्दल निम्मं मानधन कापलं, आणि आपण जिंकल्यासारखे फटाके फोडले.

त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. तीनच महिन्यांपूर्वी, १७ ऑक्टोबर २००७ ला, सायमंड्स मुंबईत खेळत असताना वानखेडेच्या गॅलरीतून माकडचाळे करून त्याला हिणवण्यात आलं होतं. छायाचित्रं छापून आली, काही प्रेक्षकांना पोलिसांनी बाहेर काढलं. त्याआधी बडोद्यातही हेच घडलं होतं, आणि आमच्याकडे तर हनुमानाला पूजतात अशी सारवासारवही ऐकू आली. सिडनीच्या आठवड्यात देशाच्या अपमानाबद्दल सगळीकडे रकानेच्या रकाने भरत होते. वानखेडेची आठवण त्यात क्वचितच निघाली. मीही काढली नव्हती.

२०११ च्या आयपीएलमध्ये सायमंड्स मुंबई इंडियन्सच्या निळ्या कपड्यांत उतरला. कर्णधार तेंडुलकर, फिरकीला हरभजन. तिघांची ड्रेसिंग रूम एक, आणि घरचं मैदान वानखेडे.