‘सो जा राजकुमारी’: सैगलांचं मूळ, लताबाईंचं नंतरचं

इंदुरात मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ‘सो जा राजकुमारी’ घ्यायचं ठरलं, तर वादकांनी आधी विचारायला हवं: कोणतं? सैगलांचं की लताबाईंचं? दोन्हींत ५२ वर्षांचं अंतर आहे आणि साथीला बसणाऱ्यासाठी ती दोन वेगळी गाणी आहेत.

मूळ अंगाई १९४० च्या ‘जिंदगी’ चित्रपटातली. कोलकात्याची न्यू थिएटर्स ही चित्रसंस्था, केदार शर्मांचे शब्द, पंकज मलिकांची चाल. त्या काळी गायक आणि वादक एकत्रच मुद्रित होत. कोण माइकपासून किती लांब बसला, यावर आवाजाचा तोल ठरे. एक जण चुकला की सगळं पहिल्यापासून. शिवाय १० इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. सैगल जे कुजबुजल्यासारखं गातात, ते माइकच्या अगदी जवळ गाण्याचं कसब आहे. मोठ्याने गाऊन ते येत नाही.

लताबाईंचा जन्म इंदूरचा, २८ सप्टेंबर १९२९. त्यामुळे इथे त्यांच्यावर घरचा हक्क सांगितला जातो. १९९२ च्या ‘श्रद्धांजली’ संचात त्यांनी दिवंगत गायकांची गाणी नव्याने गायली आणि त्यात ही अंगाईही घेतली. संगीत-संयोजन अनिल मोहिले यांचं. वाद्यं स्टिरिओत पसरलेली, मुद्रण स्वच्छ. कितीतरी घरांत हे गाणं आधी याच कॅसेटवरून पोचलं.

जुनं गाणं असं नव्या आवाजात मुद्रित केलं की बाजारात त्याला ‘व्हर्जन’ किंवा ‘कव्हर’ म्हणत. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटींमुळे त्यांचा पूर आला, आणि त्याला कायद्याचा आधार होता. शब्द-चालीचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ठरावीक मानधन भरून तेच गाणं दुसऱ्या आवाजात मुद्रित करण्याची वाट होती. मूळ टेपला मात्र हात लावता येत नसे; तबल्याच्या पहिल्या ठेक्यापासून सगळं नव्याने वाजवावं लागे.

२०१२ च्या दुरुस्तीने ही वाट अरुंद केली. पहिलं मुद्रण ज्या वर्षी झालं, ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबायचं. म्हणजे २०२० चं गाणं १ जानेवारी २०२६ पासून. वर्षाला किमान ५०,००० प्रतींचं मानधन भरायचं, वेष्टनावर हे कव्हर आहे असं स्पष्ट छापायचं, आणि तांत्रिक गरजेपलीकडे रचना बदलायची नाही. ही शेवटची अट योग्यच आहे.

मंचावर खरी अडचण पट्टीची. पुरुष साधारण पेटीच्या काळी एक-दोनला (पहिल्या-दुसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून) गातात, बायका काळी चार-पाचला. गायिकेने सैगलांचीच पट्टी धरली तर मंद्रातले, म्हणजे खालच्या सप्तकातले, स्वर ऐकूच जात नाहीत. थेट सप्तक चढवलं तर वरच्या जागांवर आवाज चिरतो आणि अंगाईतली झोप उडते. मधली पट्टी शोधावी. कराओके ट्रॅक दोन-तीन अर्धस्वरांपेक्षा (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे एक अर्धस्वर) जास्त सरकवला की तबला प्लास्टिकचा वाटायला लागतो. त्यापेक्षा नवा ट्रॅक वाजवून घ्यावा.

जुन्या तबकडीवरून सैगलांची पट्टी काढायची असेल, तर आधी वेग तपासा. मिनिटाला ७८ ऐवजी ८० फेरे पडले तर स्वर जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराने चढतो. ८२ ला गाणं जवळजवळ एका अर्धस्वराने वर जातं आणि तालही घाईचा होतो. इंटरनेटवरच्या बऱ्याच प्रतींत हाच दोष असतो. यासाठी ७७ रेघांची स्ट्रोब चकती मिळते. ती फिरत्या तबकडीवर ठेवून आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवरचा निऑन दिवा वर धरला की रेघा स्थिर दिसायला हव्यात. पुढे सरकल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. चांगल्या एलईडीखाली हे जमत नाही, कारण त्याचा उजेड लुकलुकत नाही. आणि तपासताना सुई तबकडीवर टेकलेली हवी, कारण तिच्या भारानेच वेग थोडा उतरतो.