आकाशक संरेखन (सूक्ष्मतरंग दुवा)

सूक्ष्मतरंगांनी (मायक्रोवेव्ह) संदेश नेणाऱ्या दुव्याच्या दोन मनोऱ्यांवरील तबकडी आकाशक (अँटेना) एकमेकांवर नेमके रोखून ग्राहीतील संकेतपातळी हिशेबाने येणाऱ्या मूल्याला आणण्याची क्रिया. कामावर 'अलाइनमेंट' हाच शब्द रूढ आहे.

अशा दुव्यांचा आरंभ कोठून धरावा याविषयी मतभेद आहेत. 1931 मध्ये डोव्हर (इंग्लंड) व कॅले (फ्रान्स) यांच्या दरम्यान इंग्लिश खाडीपलीकडे सुमारे 18 सेंमी. तरंगलांबीवर प्रात्यक्षिक झाले. मार्कोनी यांचा व्हॅटिकन–कास्तेल गांदोल्फो दुवा 1933 चा. नियमित सेवा हा निकष लावणारे मार्कोनींना अग्रमान देतात. मात्र त्या दुव्याची तरंगलांबी अर्ध्या मीटरहून अधिक होती. सूक्ष्मतरंगांची मर्यादा 30 सेंमी. धरल्यास तो त्यात बसत नाही. त्यामुळे 1931 हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

संरेखनापूर्वी अपेक्षित पातळी काढून ठेवतात. 15 गिगाहर्ट्‌झ, 20 किमी., दोन्हीकडे 1.2 मी. व्यासाची तबकडी (लाभ, म्हणजे एका दिशेला शक्ती एकवटण्याचे प्रमाण, प्रत्येकी सुमारे 43 डेसिबेल) आणि 20 डीबीएम (1 मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबेलमध्ये मोजलेली शक्ती) प्रेषण असेल, तर मार्गातील घट 142 डेसिबेल भरते. म्हणजे अपेक्षित पातळी उणे 36 डीबीएम. या तबकडीची शलाका (बीम) जेमतेम 1.2 अंश रुंद असते. अर्धा-पाऊण अंश चुकला तरी निम्मी शक्ती जाते.

रेडिओवरील मापन-टोकाला मल्टिमीटर लावून व्होल्टता पाहतात. ती संकेताबरोबर वाढते की घटते हे उत्पादकागणिक बदलते, म्हणून तक्ता हाताशी हवा. समोरच्या प्रेषकाचे स्वयंचलित शक्तिनियंत्रण आधी बंद करावे; नाहीतर पातळी घसरली की तो शक्ती वाढवतो आणि चूक झाकली जाते. होकायंत्राची दिशा मनोऱ्यापासून दूर उभे राहून घ्यावी, कारण पोलाद सुई ओढते. एका वेळी एकच टोक हलवावे: आधी आडवी दिशा, मग उन्नती (वर-खाली कोन), पुन्हा आडवी.

बहुतेक फसगत बाजूच्या पाकळीमुळे (साइड लोब, मुख्य शलाकेबाहेर पडणारे क्षीण प्रारण) होते. पहिली पाकळी मुख्य शलाकेभोवती कड्यासारखी असते आणि सुमारे 20 ते 25 डेसिबेलने क्षीण. उन्नती नेमकी या कड्याच्या अंतराइतकीच चुकलेली असेल, तर आडवी फिरवताना तबकडी कड्याला फक्त स्पर्शून जाते. एकच ठळक शिखर दिसते आणि काम झाले असे वाटते. दोन्ही टोके अशी अडकली तर तूट 40 डेसिबेलच्या पुढे जाते. म्हणून शिखर मिळाल्यावरही दोन्ही दिशांना पुढे फिरवून उतार व दुय्यम शिखरे पाहिल्याशिवाय बोल्ट आवळू नयेत. आवळतानाही आळीपाळीने, मीटरवर नजर ठेवून. तबकडी सरकते ती याच वेळी.

शिखर योग्य जागी मिळूनही पातळी 25–30 डेसिबेल कमी राहिली, तर एका टोकाचे ध्रुवण (तरंगाच्या विद्युत्‌ क्षेत्राची उभी किंवा आडवी दिशा) 90 अंशांनी फिरलेले आहे का ते आधी पाहावे. अपेक्षित मूल्याच्या दोन-तीन डेसिबेलच्या आत पातळी आली की काम पुरे मानतात. मुसळधार पावसात घेतलेले मोजमाप ग्राह्य धरत नाहीत.